नेसाच्या की नेसवाच्या

काकाजी,

तुम्ही त्या दिवशी 'नेसाच्या'च म्हटलं होतं, हे मला परवा गुरुवारी कळलं. अकरा वर्षं मी धरून चालले होते की माझ्याच ऐकण्यात चूक झाली. मी म्हणजे तुमच्या साडीच्या दुकानात गादीवर बसणारी, सिंदी मेघेहून सायकलनं येणारी जाड पोरगी. तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाही, 'बेटा' म्हणायचात. पण तुमच्याकडे आम्ही तिघी मुली होतो आणि तिघींनाही तुम्ही बेटाच म्हणायचात, म्हणून ही ओळख. आता दुपारचे तीन वाजलेत, मे महिना आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कूलरसमोर कागद उडू नये म्हणून त्यावर कात्री ठेवून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन आठ वर्षं होतील. तुमच्या तेरवीला मी आले नव्हते. घरातून निघाले होते, बजाज चौकापर्यंत आलेही होते, तिथून परत फिरले. का फिरले ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

तुमच्याकडे येण्याआधी मी वर्ध्यातल्या दोन दुकानांत विचारून आले होते. बी.कॉम. झालं होतं, वडील कचेरीत क्लार्क, घरात मी धरून तीन भावंडं. नोकरी हवी होती. लहानपणी लोक मला 'अंगानं भरलेली' म्हणायचे, कॉलेजात गेल्यावर 'भरलेली' हा शब्द सोडून सरळ 'जाडी' म्हणू लागले. पहिल्या दुकानदारानं मला मागच्या खोलीत घड्या घालायचं काम देऊ केलं. दुसऱ्यानं माझ्याकडे न बघताच सांगितलं, गिऱ्हाइकापुढे जरा स्मार्ट पोरगी पाहिजे. तुम्ही मात्र एवढंच विचारलंत, "पिना न लावता साडी नेसता येते?" मी येते म्हटलं. "दाखव." मी सलवार-कमीजवरच समोरची सुती साडी गुंडाळली, निऱ्या घातल्या, पदर काढला. तुम्ही माझ्या हातांकडे पाहत होतात, बाकी कुठेच नाही. "हात चांगला आहे. उद्यापासून येजो." बाहेर येऊन मी सायकलचं कुलूप काढलं आणि किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्याकडे बघून कोणी 'चांगला' हा शब्द वापरला, तो कशाबद्दल का असेना, याची मला सवय नव्हती.

गादीवरचं काम मी तुमच्याकडून शिकले. साडी फेकायची कशी, म्हणजे ती गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी नेमकी उलगडते. काठ आधी दाखवायचा की पदर. सासू आणि सून एकत्र आल्या तर बोलायचं कोणाशी. पण एक गोष्ट मी आपली आपण शिकले. त्या वेळी सुरतेहून येणाऱ्या प्रत्येक साडीच्या पिशवीत एक फोटो असायचा. तीच साडी नेसलेली एक बाई. गोरी, उंच, दोन हातांत मावेल एवढी कंबर. साडी कोणतीही असो, बाई त्याच मापाची. आपल्याकडे यायच्या त्या देवळी-सेलूकडच्या शेतातल्या बाया, पुलगावच्या मिलमधल्यांच्या घरच्या, डेपोतल्या लष्करी लोकांच्या बायका, शाळेतल्या मास्तरणी. बाई आधी फोटो बघायची, मग साडी, मग समोरच्या आरशात स्वतःला. आणि गप्प व्हायची. मग "राहू द्या, दुसरी दाखवा," आणि चौथ्या-पाचव्या साडीनंतर "येते नंतर." पंधरा दिवसांत मला ते दिसायला लागलं. मी काय केलं, पिशवी उघडतानाच तो फोटो काढून गादीखाली सरकवायला लागले आणि साडी माझ्याच खांद्यावर टाकायला लागले. तेवढ्यानं बाया बोलत्या व्हायच्या. "हो बाई, तुह्यावर हे दिसते तर माह्यावरही दिसन," असं एक सेलूची म्हातारी म्हणाली होती आणि तिनं स्वतःला एक, सुनेला एक अशा दोन घेतल्या.

तुमच्या लक्षात यायला महिना लागला. एका सकाळी तुम्ही विचारलंत, "साड्यांमधले फोटो कुठं जाऊन राह्यले बेटा?" मी खाली मान घालून म्हटलं, गादीखाली. तुम्ही गादीचा कोपरा उचललात. खाली शंभरेक बाया एका ओळीत आडव्या पडल्या होत्या, सगळ्या हसत. मला वाटलं आता नोकरी गेली. तुम्ही मात्र पोट हलेपर्यंत हसलात, डोळे पुसलेत आणि गादी परत खाली सोडलीत. "झोपू दे बिचाऱ्याइले." त्या दिवसापासून "त्या पोरीच्या अंगावर टाकून दाखवा" असं गिऱ्हाइकं स्वतःहून म्हणायला लागली आणि तुम्ही मला दारासमोरच्या जागेवर बसवलंत.

पण मी तरी कुठे शहाणी होते. पुलगावची एक बाई आली होती, माझ्यासारखीच अंगानं, भावाच्या लग्नासाठी फिकट पिवळी साडी मागत होती. मी मोठ्या जाणतेपणानं म्हटलं, "ताई, डार्क घ्या. फिकट रंगात माणूस जाड दिसते." ती एकदम ओशाळली. तिनं जांभळी घेतली आणि गेली. तुम्ही मला काउंटरपाशी बोलावलंत. तुम्ही आवाज कधी चढवत नव्हतात, म्हणूनच जास्त भीती वाटायची.

"तिनं तुले विचारलं होतं का, मी जाड दिसते का बारीक?"

"नाही काकाजी."

"मग काऊन सांगितलं? तिनं रंग मागितला, तू रंग दे. अंग तिचं आहे, ते ती घरूनच घेऊन आली."

मी मागच्या खोलीत जाऊन रडले. रडताना हेही कळत होतं की तुम्ही मला बोललात ते तिच्या बाजूनं, म्हणजे माझ्याही बाजूनं बोललात. असं रागावणं मला त्याआधी कोणाकडून मिळालं नव्हतं.

मग केबल आली. रोज दुपारी एक सिनेमा, आणि सिनेमाच्या मध्ये आपल्याच गावातल्या दुकानांच्या जाहिराती, फोटो आणि खाली सरकणारी अक्षरं. तुमच्या मुलाच्या, भैय्याजींच्या मनात आलं की आपली नुसती अक्षरं नकोत, नीट शूटिंग करून घ्यायचं, नागपूरहून माणसं बोलवायची. त्यांचं नवीनच लग्न झालं होतं, दुकानात नवीन काहीतरी करायचा उत्साह होता. दसऱ्याच्या चार-पाच दिवस आधीची संध्याकाळ. मी गादीवरच्या साड्या आवरते आहे, पंखा घरघर करतो आहे, तुम्ही गल्ला बंद करता करता मला म्हणता, "दिवाळीले आपली जाहिरात टीव्हीवर येऊन राह्यली. साड्या तू नेसाच्या. रविवारी सकाळी नऊ वाजता ये."

मी विचारलं, "मी?"

"हो, मग कोण?"

काकाजी, त्या रात्री आमच्या घरी दिवाळी आधीच आली. आईनं गल्लीत तीन घरी सांगितलं, त्या तीन घरांनी उरलेल्यांना. शेजारच्या काकूंची मुलगी ब्यूटी पार्लरचा कोर्स करत होती, तिनं माझ्या भुवया कोरल्या, तोंडाला काय काय लावलं. वडिलांनी आयुष्यात कधी इस्त्री हातात धरली नव्हती, त्यांनी माझा ब्लाउज इस्त्री केला आणि बाहीवर एक चुणी राहिली म्हणून परत पाणी शिंपडून केला. लहानपणापासून माझ्यासाठी एक माप मोठे कपडे आणताना दुकानात त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मला माहीत होतं. रविवारी मी सायकलवर नाही, ऑटोनं आले, साडी चुरगळू नये म्हणून. केसांत गजरा होता. आईनं डबाही दिला होता, शूटिंगला वेळ लागतो म्हणून.

दुकानात दोन मोठे दिवे लावलेले, कॅमेऱ्याचं तिकाटणं गादीवर उभं, आणि तुमच्या खुर्चीवर एक मुलगी गाऊन घालून बसलेली. गालावर पावडर, हातात आरसा. सुरतेच्या फोटोंतली एक उठून आल्यासारखी. भैय्याजींनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग गजऱ्याकडे पाहिलं आणि कॅमेरावाल्याकडे वळले. कॅमेरावाला हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. मी सरळ तुमच्यापाशी आले. सगळ्यांना ऐकू जात होतं, पण माझ्यानं राहवलं नाही.

"काकाजी, तुम्ही तर म्हटलं होतं, साड्या मी नेसायच्या."

तुम्ही काउंटरवरची पट्टी सरळ करत होतात. ती सरळच होती. "नेसवाच्या म्हटलं होतं बेटा. त्या मुलीले नेसवून द्याच्या. तुह्या ऐकण्यात गलती झाली."

एका 'व'चा तर फरक. मी म्हटलं, "हो, झाली असेल." मागच्या खोलीत जाऊन गजरा काढून पिशवीत ठेवला आणि कामाला लागले.

दिवसभरात मी तिला सात साड्या नेसवल्या. ती मुलगी वाईट नव्हती. तिच्या कमरेला साडी थांबतच नव्हती. निऱ्या नऊ-दहा व्हायच्या आणि पुढून घडीचा गठ्ठा दिसायचा. ब्लाउज दोन्ही बाजूंनी सैल. मी मागून पिना लावल्या, पिना पुरेनात तेव्हा कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. कॅमेऱ्यात पुढून सगळं कसं अंगासरशी, ताणून बसलेलं. मागून पाठीवर चिमट्यांची रांग. ती हलली की एखादा सुटायचा, मग मी वाकून जायचे आणि परत लावायचे. मधल्या वेळात ती पडद्यामागे येऊन हळूच म्हणाली, "ताई, काही खायला आहे का तुमच्याजवळ? सकाळपासून चहावर आहे. खाल्लं की पोट दिसते म्हणून देत नाहीत." मी डबा उघडला. पोळ्या आणि पातोडीची भाजी. तिनं उभ्या उभ्या तीन पोळ्या खाल्ल्या, बोटं चाटली आणि म्हणाली, "खरं सांगू का, जाहिरात तुमचीच पाहिजे होती. मले तर साडी पकडून ठेवायले माणूस लागते." आम्ही दोघी तोंड दाबून हसलो. तिच्यावर मला कधीच राग आला नाही. माझा राग तुमच्यावरही नव्हता, हे आता लिहिताना कळतं. तुम्ही सांगितलंत की चूक माझी, आणि मी ती घेतली. राग सगळा माझ्यावर. हिला काय वाटलं, ही टीव्हीवर येणार? गजरा घालून आली!

दिवाळीत जाहिरात लागली तेव्हा आमच्या घरी गल्लीतली आठ-दहा माणसं बसली होती. सगळ्यांनी विचारलं, तू कुठे आहेस? मी म्हटलं, मला नेसवायचं काम होतं, ऐकण्यात गोंधळ झाला. आई उठून आत गेली. एका साडीत पदर नीट करणारा एक हात क्षणभर कोपऱ्यात यायचा आणि जायचा, जाड मनगट, हिरव्या बांगड्या. तो माझा. वडील पुढचा महिनाभर दुपारी जेवायला घरी आले की टीव्ही लावायचे आणि ती जाहिरात आली की कोणी असो नसो म्हणायचे, "तो पाहा हात."

दिवाळीला तुम्ही सगळ्यांना साड्या दिल्यात. मला शूटिंगमधली सगळ्यात भारी साडी दिलीत, मोरपंखी. मला ती थट्टा वाटली. घरी येऊन मी ती कपाटात टाकली आणि महिना संपल्यावर कामावर यायची बंद झाले. तुम्ही निरोप पाठवलात, मी तब्येतीचं कारण कळवलं.

तो 'व' मात्र माझ्या कानात बसला. त्यानंतर कोणी माझ्याबद्दल बरं बोललं की मी दोनदा विचारायचे, "काय म्हणालात?" लोकांना वाटायचं मला कमी ऐकू येतं. लग्नासाठी मला बघायला आले, पुलगावच्या शाळेत लॅब असिस्टंट असलेला मुलगा. दुसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगी पसंत आहे. मी आईला म्हटलं, परत विचार. 'पसंत नाही' म्हणाले असतील, तू ऐकण्यात चूक केली असशील. आईनं खरंच शेजारच्या घरून फोन करून पुन्हा विचारलं. तिकडून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "हो, पसंत आहे! किती वेळ सांगू?" माझे यजमान अजूनही मला त्यावरून चिडवतात. तुमच्या तेरवीच्या दिवशी बजाज चौकात मला हेच वाटलं होतं: आत गेले आणि भैय्याजींनी माझ्याकडे परत तसं पाहिलं तर? गजरा घालून आली होती तीच का ही?

पाच वर्षांपूर्वी मी सिंदी मेघेतच हे दुकान टाकलं. तयार कुर्ते, सलवार सूट, गाऊन. पण मोठ्या मापाचे. बाळंतपणानंतर मला वर्ध्यात एकही तयार कुर्ता अंगात जाईना, त्यातून डोक्यात आलं. नागपूरच्या होलसेलवाल्यांकडे माझी मापं मिळेनात, म्हणून इथल्याच एका शिंप्याला धरून शिवून घेतले. दुकान चांगलं लावलं. राहिला होता बोर्ड. तुमच्या वेळी पेंटर यायचा, आता फ्लेक्स. फ्लेक्सवाले दादा कॉम्प्युटरवर फोटो दाखवत होते, लेडीज फॅशनचे, शेकडो. सगळ्या तुमच्या गादीखालच्याच, फक्त साडीऐवजी कुर्ते. मी विचारलं, "जाड बाईचा फोटो नाही का?" त्यांनी बराच वेळ शोधलं. म्हणाले, "आहेत ताई, पण ते वजन कमी कराच्या औषधाचे आहेत. 'आधी' आणि 'नंतर' असते ना, त्यातले 'आधी'वाले." पाहिले मी ते. तोंड पाडून उभ्या राहिलेल्या बाया, ट्यूबलाइटच्या उजेडात. त्यातली एखादी कोण दुकानावर लावणार? मी तासभर तिथे बसले आणि शेवटी लाल कुर्त्यातली एक निवडली. केस उडताहेत, हसते आहे, माझ्या दुकानातला सगळ्यात लहान कुर्ता तिच्यावर तंबूसारखा झाला असता. कोणी जबरदस्ती केली नाही, काकाजी. तिथे मला अडवणारं कोणी नव्हतं. मीच बोट दाखवलं.

दोन महिने दुकान चाललं नाही. कॉलेजच्या बारीक मुली यायच्या, मापं बघायच्या, एकमेकींना कोपरानं ढोसायच्या आणि जायच्या. एका दुपारी एक शिक्षिका ऑटोची वाट बघत माझ्या पायरीवर सावलीला उभी राहिली. अंगानं चांगली भक्कम, घामानं भिजलेली. मी पाणी दिलं. पाणी पिताना तिची नजर आत गेली आणि ती पेला हातात घेऊनच आत आली.

"हे कुर्ते... हे माह्या मापाचे आहेत का?"

मी म्हटलं, तुमच्याच मापाचे आहेत. सगळे.

"अन् बोर्डवर ते काडी काऊन लावली मग? मी रोज दोन वेळा इथून जाते. दोन महिन्यापासून जाऊन राह्यली. मले वाटे, हे दुकान आपलं नाई."

ती बोर्ड बघून दोन महिने पुढे जात होती, आणि मी आत बसून तिचीच वाट बघत होते. तिनं चार कुर्ते घातले, काढले, आरशासमोर वळून वळून पाहिलं, तीन घेतले. मी तिला म्हटलं, ताई, बोर्डसाठी तुमचा फोटो द्याल का? ती किंचाळलीच. "नाई बाप्पा! शाळेतले पोट्टे जीव घेतीन!" आणखी दोघी-तिघींना विचारलं, कोणाच्या सासऱ्यांना चालेना, कोणाच्या नवऱ्याला. शेवटी जेवताना यजमान म्हणाले, "तू काऊन नाई उभी राहत?" मी घास तसाच ठेवून विचारलं, "काय म्हणालात?" त्यांनी परत सांगितलं. मुद्दाम सावकाश, एकेक अक्षर.

स्टुडिओत जाऊन फोटो काढला. निळा कुर्ता, मीच शिवून घेतलेला, माझ्याच मापाचा, मागे एकही पिन नाही. फ्लेक्स चढला त्या दिवशी मी मागच्या गल्लीतून दुकानात आले. दिवसभर दारात गेले नाही. कोणीतरी काहीतरी बोलेल, दगड मारेल, निदान हसेल, अशी वाट बघत होते. काही झालं नाही. दूधवाला म्हणाला, "वहिनी, बोर्डवर तुम्हीच का?" मी हो म्हटलं. "छान आहे," म्हणाला आणि निघून गेला. संध्याकाळी सात बाया आल्या. दुसऱ्या दिवशी पुलगावहून दोघी बहिणी आल्या, बसमधून बोर्ड दिसला म्हणून उतरून. इतकं सोपं होतं ते.

आणि त्याच बोर्डामुळे परवा गुरुवारी तुमच्या सूनबाई आल्या. मी ओळखलं नाही. लग्न होऊन आल्या होत्या तेव्हा अगदी काडी होत्या, आता दोन मुलं झाली आहेत. त्यांनीच ओळखलं. "तुम्ही आमच्या दुकानात होत्या न, पप्पाजींच्या वेळी? बोर्डवर पाह्यलं अन् मी यांना म्हटलं, गाडी थांबवा. हे नाही उतरले, मी आली." कुर्ता घालून बघता बघता त्या म्हणाल्या, "पप्पाजींचं तुमच्यावरून लई भांडण झालं होतं हो घरी. त्या जाहिरातीवरून."

मी विचारलं, कोणतं भांडण? त्या सांगत गेल्या आणि मी हातात टेप धरून उभी. तुम्ही घरी सांगितलं होतंत की दुकानातल्या मुलीलाच उभं करायचं. ती साडी अंगावर टाकते आणि बाया घेतात, मग बाहेरची कशाला? भैय्याजी म्हणाले, दुकानाच्या इज्जतीचा प्रश्न आहे, लोक हसतील, नागपूरची मुलगी ठरवून झाली. तुम्ही म्हणालात, "मी तिले बोलून बसलो." भैय्याजी म्हणाले, "सांगा, तिच्या ऐकण्यात गलती झाली." रविवारी संध्याकाळी तुम्ही घरी आलात, ताटावर बसलात आणि उठलात. सूनबाईंनी विचारलं तेव्हा म्हणालात, "आज एका पोरीले खोटं पाडलं मी. गजरा घालून आलती."

"काय म्हणालात?" मी विचारलं. सूनबाईंनी सगळं परत सांगितलं. मग मी हसायला लागले, थांबेचना. त्या घाबरल्या. मी त्यांचं माप घेतलं, दोन कुर्ते बांधून दिले, दारापर्यंत सोडायला गेले. गाडीत भैय्याजी समोर बघत बसले होते. मी नमस्कार केला, त्यांनीही केला. तेही चांगले जाड झाले आहेत.

त्या गेल्यावर मी पाणी प्यायले आणि स्टुलावर बसले. माझे कान ठीक होते, काकाजी. मी वेडी नव्हते, मी मनानं काही रचलं नव्हतं. मला पाहून कोणीतरी खरोखर म्हटलं होतं की हिला टीव्हीवर उभी करा, आणि मी ते बरोबर ऐकलं होतं. अंगावरून ओझं उतरतं म्हणतात तसं नाही झालं, माझं अंग आहे तेवढंच आहे; पण अकरा वर्षं मान जरा तिरकी करून ऐकायची सवय लागली होती, ती मान त्या संध्याकाळी सरळ झाली. राग आला नाही असं नाही. सोमवारी तुम्ही मला बाजूला घेऊन खरं सांगू शकला असतात. मोरपंखी साडी देताना तरी. पण फ्लेक्सवाल्यांच्या कॉम्प्युटरसमोरचा तो तास मला आठवतो. तुमच्यासमोर निदान तुमचा मुलगा उभा होता. माझ्यासमोर अडवणारं कोणीही नव्हतं, आणि तरी मी त्या काडीवरच बोट ठेवलं. तुम्हाला दोष देताना माझा हात मध्येच थांबतो, आणि तसा तो थांबला याचंही मला बरं वाटतं.

मघाशी वाटलं होतं, हे लिहून झालं की सूनबाईंकडे पोचवावं, तुमच्या फोटोपुढे ठेवतील. पण नको. घरात भैय्याजी आहेत, मुलं आहेत. कागद माझ्यापाशीच राहील. चार वाजून गेले, दोघी बाया समोरून रस्ता ओलांडून इकडेच येताहेत.

एक सांगायचं राहिलं. स्टुडिओवाल्यानं माझे बारा फोटो काढले. अकरांत मी सरळ उभी आहे, जशी आहे तशी. बारावा काढताना मी पोट आत घेतलं होतं. बोर्डवर लावला आहे तो बारावा.